अमावास्येची सुट्टी

काम आपल्या माणसांकडून करून घ्यावं की बाहेर द्यावं, असं हल्लीची पोरं मला येऊन विचारतात. कुणीतरी कॉलेज रोडला नवी कंपनी काढलेली असते. दोन खोल्या, चार खुर्च्या, आणि काम अचानक वाढलेलं. ‘मॅडम, तुमचा अनुभव काय?’ माझा अनुभव! नुसतं आठवलं तरी तोंड कडू होतं. मी त्यांना चहा पाजते आणि वाटेला लावते. आता मात्र एकदा सगळं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

मी देवळ्याकडची. घरी कांदा. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या मुली नाशिकला यायच्या त्या डी.एड. करायला, मी आले कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला. ‘पोरगी मशीन शिकते,’ असं आबा, म्हणजे माझे वडील, गावभर सांगायचे. कसलं मशीन, असं विचारलं की विषय बदलायचे. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका क्लासमध्ये मी शिकले आणि त्या क्लासच्या सरांनीच मला कामावर ठेवून घेतलं. सर माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. वाईट असते तर बरं झालं असतं, मी वेळेवर सावध झाले असते.

क्लासला येणारी मुलं कमी व्हायला लागली तेव्हा सरांनी प्रोग्रॅम विकायचं ठरवलं. कुणाला विकायचा? मी म्हटलं, आडत्यांना. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल लिलावात उभा करून देणारा मधला माणूस. दर गाडीमागे तो एक हिशोबपट्टी करतो: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते. तेव्हा हे सगळं हातानं चालायचं आणि संध्याकाळपर्यंत मुनीमजींची मान मोडायची. सर नाशिकचेच, पण पक्के शहरातले. कांदा त्यांनी भाजीवालीच्या पाटीतच पाहिलेला. ते म्हणाले, ‘तुला समजतं ना त्यातलं? मग तूच लिही.’

मी एक अख्खा उन्हाळा पिंपळगाव बसवंतला एका आडत्याच्या गाळ्यात काढला. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. कांद्याची टरफलं कीबोर्डात जायची, धुळीनं डोळे चुरचुरायचे, पंखा लावला की पट्ट्या उडायच्या. कॉम्प्युटरला रोज सकाळी हळदकुंकू लागायचं, ते स्क्रीनवर सांडू नये म्हणून मी अंगावरची ओढणी पसरून उभी राहायची. पण प्रोग्रॅम झाला! प्रिंटरमधून करकर करत पहिली पट्टी बाहेर आली तेव्हा तो आडत्या, ज्याला सगळे शेठ म्हणायचे, ती हातात धरून गाळ्यागाळ्यांतून फिरून आला. ‘बघा, पोरीनं काय केलंय!’ त्यानंतर बाजारात मला नावानं कुणी हाक मारलीच नाही. मी ‘पट्टीवाली ताई’ झाले. काही अडलं की, ‘पट्टीवाल्या ताईला फोन लावा.’ पगार यथातथाच होता, पण हे नाव मी स्वतः कमावलेलं होतं. सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे गेलं ते हेच.

हळूहळू आम्ही तिघं झालो. सुरगाण्याकडची एक मुलगी आली, वसतिगृहात राहून शिकलेली, मितभाषी आणि चुका शोधण्यात वस्ताद. आणि नाशिकरोडचा एक मुलगा, त्याचे वडील सरकारी कचेरीत कारकून. तिघांच्या टेबलांत हातभर जागा. सर दारातून डोकं आत घालून म्हणायचे, ‘हे सगळं तुमचंच आहे रे पोरांनो.’ आम्हाला ते खरं वाटायचं. का वाटू नये?

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. आमच्याकडे अमावास्येला कांद्याचा लिलाव होत नाही. का होत नाही ते विचारू नका, पूर्वीपासून होत नाही. आबा त्या दिवशी ट्रॅक्टर धुवायचे आणि आई म्हणायची, ‘आज अमावास्या दिसते, माणूस घरात आहे.’ दुसऱ्या दिवशी मात्र दोन दिवसांचा माल एकदम बाजारात येतो आणि मग जी झुंबड उडते ती पाहवत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये रोज संध्याकाळी दिवस बंद करावा लागे. कालचा दिवस बंद केल्याशिवाय आजचा उघडायचा नाही, म्हणजे जुन्या पट्टीत कुणी मागून हात घालू शकत नाही. पण ज्या दिवशी पट्टीच झाली नाही तो दिवस बंद काय करणार? म्हणून सुट्ट्या आधीच भरून ठेवायच्या. दर जानेवारीला सुरगाण्याची मुलगी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घ्यायची आणि वर्षाच्या सगळ्या अमावास्या एकेक करून आत घालायची. दहा मिनिटांचं काम. ते करताना ती गुणगुणायची, आणि आम्ही तिला म्हणायचो, ‘झाला का तुझा पंचांग-पाठ?’

दोन हजार साल उलटलं, आणि मुंबईचा एक मोठा व्यापारी सरांकडे आला. त्याला हा प्रोग्रॅम जिल्ह्यातल्याच नाही तर राज्यातल्या बाजारांत न्यायचा होता. पैसा तो घालणार, अट एकच: सगळं नव्यानं, नव्या पद्धतीनं लिहायचं आणि दसऱ्याला सुरू करायचं. सर आठवडाभर हवेत होते. आम्हीही होतो, खोटं कशाला बोलू.

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. ‘सर, अजून तिघं घ्या. नाशिकमधलीच घ्या, मी शिकवते. दसऱ्यापर्यंत होईल.’

सर खुर्चीत मागे रेलले. ‘अगं, मुंबईवाल्यांना मी काय दाखवू? या दोन खोल्या? ते विचारतात, तुमची टीम कुठे बसते? मी सांगू, बोहऱ्याच्या दुकानाच्या माळ्यावर बसते म्हणून? हैदराबादच्या एका कंपनीशी बोलणं झालंय. त्यांच्याकडे शंभर माणसं आहेत. काचेची इमारत आहे.’

‘त्यातल्या कुणी कांदा पाहिलाय का?’

‘तू पाहिलायस ना? तू त्यांना सांग. तुम्ही तिघं इथंच राहणार आहात. लिहितील ते, सांभाळाल तुम्ही.’

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं. सहा वर्षं आम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर काम करत होतो, आणि त्यांना भुरळ पडली न पाहिलेल्या काचेची. मी बाहेर येऊन धाडकन ड्रॉवर लावला. नाशिकरोडचा मुलगा म्हणाला, ‘ताई, ड्रॉवरचा काय दोष?’

हैदराबादची माणसं आली. एक मॅनेजर आणि दोन तरुण मुलं. सरांनी त्यांना ऑफिसात आणलंच नाही. मुंबई नाक्याजवळच्या एका एसी हॉटेलात बैठक ठेवली. सर, मी आणि नाशिकरोडचा मुलगा एका बाजूला, ते तिघं दुसऱ्या बाजूला. सुरगाण्याच्या मुलीला सरांनी सांगितलं, ‘तू ऑफिसात फोनपाशी थांब.’ तिचं इंग्रजी कच्चं आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण तिला समजलं.

दोन दिवस मी सांगत होते आणि ती मुलं लिहून घेत होती. मुलं चांगली होती, प्रश्न नेमके विचारायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरनं विचारलं, सुट्ट्या कुठल्या धरायच्या? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, ‘संडेज अँड गव्हर्नमेंट हॉलिडेज.’

‘आणि अमावास्या,’ मी म्हटलं.

मॅनेजरनं सरांकडे पाहिलं. ‘व्हॉट इज दॅट?’

सर हसले. असे हसले की जणू मी ताटात शिंकले आणि ते पाहुण्यांची माफी मागताहेत. ‘नथिंग, नथिंग. शी इज फ्रॉम अ व्हिलेज.’ मॅनेजर हसला, म्हणून त्याची मुलं हसली, आणि आमचा नाशिकरोडचा मुलगाही हसला, पगारी माणूस हसतो तसं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मॅनेजर पुढच्या मुद्द्यावर गेला. वाक्य माझ्या तोंडात अर्धंच राहिलं.

संध्याकाळी मी सरांना जिन्यात गाठलं. ‘सर, अमावास्या सांगायलाच हवी. नाहीतर दुसऱ्या दिवशी मशीन उघडणार नाही.’

‘अगं बाई,’ सर आवाज खाली आणून म्हणाले, ‘तुला कळत कसं नाही? ही माणसं आपल्याला कंपनी म्हणून बघायला लागलीत. त्यांना मी अमावास्या सांगू? उद्या भानामती पण सांगू का? लिंबू-मिरची कुठं टांगायची तेही लिहून देऊ? नंतर बघू आपण.’

सरांना अमावास्या माहीत नव्हती असं कुणी समजू नका. चांगली माहीत होती. वसुलीला ते बाजारात कधीही अमावास्येला गेले नाहीत. त्यांना लाज वाटली, बस. आपल्याच माणसांच्या रीतीची परक्यांपुढे लाज. अशी चूक हैदराबादच्या माणसाकडून झालीच नसती, त्याला सांगितलं असतं तर त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं असतं. त्याच्या गावाकडे काय अमावास्या नसते?

दसऱ्याला नवा प्रोग्रॅम सुरू झाला. हार, पेढे, फोटो. जुना प्रोग्रॅम सगळ्या मशीनवरून काढून टाका, असा सरांचा हुकूम होता, म्हणजे लोक मागे वळणार नाहीत. आम्ही तिघांनी गाळ्यागाळ्यांत जाऊन आमच्याच हातांनी तो पुसला. सुरगाण्याची मुलगी म्हणाली, ‘ताई, नव्याचं मूळ आपल्याकडं नाय का?’ नव्हतं. प्रोग्रॅमचं मूळ, म्हणजे ज्यात बदल करता येतो ते लिखाण, हैदराबादला, आमच्याकडे फक्त वापरायची परवानगी.

पहिली अमावास्या दिवाळीची. लक्ष्मीपूजन. ती सरकारी सुट्टीत झाकली गेली आणि बाजारही तसाच बंद होता. दिवाळीनंतर सर मला मुद्दाम म्हणाले, ‘काय गं, झालं का काही तुझ्या अमावास्येनं?’ मी म्हटलं, ‘पुढची येऊ द्या.’ त्यांनी मनावर घेतलं नाही.

पुढची आली. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढत होते, तेव्हाच आत फोन वाजत होता. पिंपळगावचे शेठ. ‘ताई, हे मशीन म्हणतंय कालचा दिवस बंद केला नाय. काल काय बंद करू? काल अमावास्या व्हती! आन् बंद करायला गेलो तर म्हणतंय एकपण पट्टी नाय, बंद करता येणार नाय. आता काय करू, डोकं आपटू का?’

तो ठेवला की दुसरा, तो ठेवला की तिसरा. ज्या ज्या बाजारात दसऱ्याला हार घातले होते, तिथं तिथं मशीन अडून बसलेलं. हैदराबादला फोन लावला तर तिकडं अजून कुणी आलेलं नव्हतं. आले तेव्हा म्हणाले, तक्रार लेखी पाठवा. लेखी! लाल कांद्याचे दिवस, दोन दिवसांची आवक, ट्रॅक्टरची रांग बाजाराच्या फाटकातून पार हायवेला लागलेली, आणि यांना लेखी हवं.

मी एसटीनं पिंपळगाव गाठलं. जाऊन काय करणार होते, देव जाणे, पण ऑफिसात बसवेना. शेठच्या गाळ्यात मुनीमजी पुन्हा हातानं पट्ट्या लिहीत होते आणि त्यांच्याभोवती माणसांचं कोंडाळं होतं. मला पाहताच एक शेतकरी ओरडला, ‘आली बघा पट्टीवाली ताई!’ सगळ्यांनी वाट करून दिली. मी मशीनपुढं बसले. बसून काय करणार? माझ्या प्रोग्रॅममध्ये हे काम मी चहा निवायच्या आत केलं असतं. इथं मला आत शिरायला दारच नव्हतं. मी बटणं दाबल्यासारखं केलं. माणसं भरवशानं माझ्या खांद्यावरून बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपार कलल्यावर हैदराबादहून दुरुस्ती आली. तोवर व्हायची ती शोभा होऊन गेली होती.

दोन दिवसांनी आडत्यांची पाच-सात माणसं ऑफिसात आली. पुढे शेठ. मुंबईचा व्यापारीही आलेला. फोनच्या स्पीकरवर हैदराबादचा मॅनेजर. तो शांतपणे म्हणाला, आम्हाला रविवार आणि सरकारी सुट्ट्या एवढंच सांगितलं होतं. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. आणि सरांनी, मी ज्यांच्या हाताखाली कॉम्प्युटर चालू-बंद करायला शिकले त्या सरांनी, माझ्याकडे बोट केलं.

‘बाजाराची माहिती द्यायचं काम आमच्या या मॅडमचं होतं. त्यांच्याकडून राहून गेलं. मी माफी मागतो.’

‘सर, मी सांगितलं होतं!’ माझा आवाज फाटला. ‘हॉटेलात सांगितलं. जिन्यात सांगितलं. तुम्ही हसलात.’

‘असं कसं? मला नाही आठवत.’ मग नाशिकरोडच्या मुलाकडे वळून, ‘तू होतास ना रे? तुला आठवतंय?’

त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘लक्षात नाही, सर.’ त्याला मी माफ केलं का? नाही केलं. समजून घेतलं, माफ नाही केलं. दोन्ही वेगळं असतं.

पण त्यापेक्षा शेठ जे बोलले ते लागलं. रागावून नाही बोलले, हळहळून बोलले. ‘ताई, तू कांदेवाल्याची पोर. दुसरं कोनी असतं तर म्हटलं असतं जाऊ दे. तू कशी गं इसरली?’ मी काहीतरी बोलायला गेले आणि मला रडू आलं. रडले म्हणजे चूक कबूल केली, असंच खोलीतल्या प्रत्येकानं धरलं.

बाजारात बातमी पसरायला तार लागत नाही. रविवारी मी घरी गेले तर आबा ओट्यावर बसलेले. मी पायरी चढले तरी वर बघेनात. आबा घरी अर्धी अहिराणीच बोलतात. खाली बघतच म्हणाले, ‘बाजारमा बोलत होते. देवळ्याच्या पोरीनं अमावास्या घातली नाय म्हणे.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘तुले माहीत नव्हतं का?’

मला अमावास्या माहीत नव्हती का! ज्या माणसाला मी लहानपणापासून दर अमावास्येला ट्रॅक्टर धुताना बघत आले, तो मला विचारत होता.

‘माहीत होतं आबा. सांगितलं पण होतं. साहेब हसले.’

‘मंग?’

मंग काय? आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला, पण बाजारात जाऊन ते कुणाकुणाला सांगणार होते? गावात पुन्हा कधी त्यांनी ‘पोरगी मशीन शिकली’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

महिन्याभरात सरांनी आम्हाला मोकळं केलं. सांभाळायचं कामही हैदराबादचीच माणसं करतील, स्वस्तात पडतं, म्हणाले. गरज सरो, वैद्य मरो. सुरगाण्याची मुलगी तिकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायला लागली. जाताना तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून नेलं, म्हणाली, ‘हे इथं कोनाला लागणार नाय.’ पुढं मुंबईच्या व्यापाऱ्यानं थेट हैदराबादशीच जुळवून घेतलं आणि सरांना मधून काढून टाकलं. तेल गेलं, तूप गेलं, सरांच्या हाती धुपाटणं आलं. ऐकून मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला. पण त्यानं माझं नाव परत आलं नाही. बाजारात ती चूक माझीच, असं आजही सांगतात.

मी काही वर्षं इकडंतिकडं केलं आणि मग नाशिकमध्येच एका नव्या कंपनीत लागले. काचेची इमारत, एसी, सगळं. अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं इकडं यायला लागली होती ना, त्यातली एक. नशिबाची थट्टा बघा, मला मिळालं ते काम शेतकऱ्यांकडून धान्य विकत घेणाऱ्या एका कंपनीचं. तिथला एक माणूस, वयानं साठीला टेकलेला, वर्षानुवर्षं तो प्रोग्रॅम सांभाळत होता. तो आम्हाला फोनवर सगळं शिकवणार, आम्ही शिकणार, आणि शिकून झालं की त्यानं घरी जायचं. हे त्याला ठाऊक होतं. तरी तो एकेक गोष्ट नीट, न कंटाळता सांगायचा.

एका संध्याकाळी, तिकडं सकाळ, तो धान्य तोलायचा काटा बंद असण्याच्या वेळा सांगत होता. रविवार सांगितला, सणवार सांगितले, आणि म्हणाला, ‘शिवाय गावात कुणाचं दफन असलं की...’ तेवढ्यात त्याच्याच बाजूनं त्याचा साहेब हसला. ते सोडून द्या, म्हणाला, हा आमचा खेडेगावातला माणूस आहे.

ते हसू मी ओळखलं. समुद्रापलीकडून आलं तरी ओळखलं. माझ्या शेजारी बसलेल्या मॅनेजरनं हातानं खूण केली, पुढे चला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. फोनवर वाकून म्हटलं, ‘दफन असलं की काय? तुमचं वाक्य पुरं करा.’

मग त्या माणसानं सावकाश सांगितलं की गावात कुणी शेतकरी गेला तर त्या दुपारी काटा बंद ठेवतात, त्या दिवशी कुणी माल आणत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गर्दी होते. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी त्यानं एक जागा करून ठेवली होती. ती कुठं आहे, हेही सांगितलं. मी ते सगळं लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं.

फोन ठेवताना तो म्हणाला, ‘थँक यू, मॅम.’

पुढच्या महिन्यात त्याची नोकरी माझ्याकडे येणार होती. आणि तो मला थँक यू म्हणाला, का, तर मी त्याला बोलू दिलं.